दोन वह्या, एक नकाशा

गेल्या महिन्यात सांगलीच्या घराचा माळा रिकामा केला. घराला रंग काढायचा होता, त्याआधी अडगळ हलवायला हवी, म्हणून मी आणि ताई दोघंही दोन दिवस काढून गेलो. माळ्यावर जे निघतं तेच सगळं निघालं. कल्हई गेलेली पातेली, बाबांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, एक चाक नसलेली तीनचाकी सायकल.. आणि अगदी तळाशी, पत्र्याच्या ट्रंकेत, आमच्या दोघांच्या कॉलेजातल्या वह्या.

माझ्या वहीत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. आम्ही चौघांनी मिळून दोन सांध्यांचा एक यंत्रहात केला होता. लाकडी पट्ट्या, आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या वायपरच्या मोटारी. हाताच्या वाटेत एक खोका ठेवायचा आणि खोक्याला धक्का न लावता पुढचा चिमटा पलीकडे न्यायचा, एवढंच काम. त्यासाठी मी ग्राफपेपरवर एक चौकोन आखला होता. आडव्या रेषेवर खांद्याचा कोन, उभ्या रेषेवर कोपराचा. कोनांच्या ज्या ज्या जोडीला हात खोक्यावर आपटतो, तिथे शिसपेन्सिलीने काळं केलेलं. उरलेला पांढरा भाग म्हणजे मोकळी वाट.

ताईची वही जीवरसायनशास्त्राची. तिच्यातही एक चौकोन चिकटवलेला होता. आडव्या रेषेवर एक कोन, उभ्या रेषेवर दुसरा. डावीकडे वर एक बेट रंगवलेलं, त्याच्या खाली दुसरं, उजवीकडे एक लहानसं. बाकी सगळं कोरं.

ताईनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "अरे, हे तर तेच चित्र आहे. तू जायचं नाही तिथे रंगवलंयस, आम्ही जाता येतं तिथे रंगवायचो."

मी आपला बघतच राहिलो. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघं अभ्यास करायचो. मी तिच्या विषयाला 'पाठांतर' म्हणायचो, ती माझ्या विषयाला 'पाने-पकडी'. आणि दोघांच्याही वहीत तोच चौकोन! दोघांनी एकदाही एकमेकांच्या वहीत डोकावून पाहिलं नाही.

पुण्याला परत आल्यावर या चौकोनाच्या मागे लागलो. तेव्हा कळलं की हा वेंधळेपणा फक्त आमच्या घरातला नाही. मोठमोठ्या विद्वानांनीही तीसेक वर्षं हेच केलं.

*

आधी यंत्रहाताची बाजू सांगतो, कारण ती मला जवळची. १९५५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात देनाविट आणि हार्टेनबर्ग या दोघांनी यंत्रातल्या सांध्यांचं वर्णन करायची एक पद्धत मांडली. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत पोचायला चार आकडे पुरतात, दोन अंतरं आणि दोन कोन. त्या चार आकड्यांचं एक ४ × ४ चं मॅट्रिक्स मांडायचं. सगळ्या सांध्यांची मॅट्रिक्सं ओळीने गुणत गेलं की शेवटचं टोक कुठे आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते कळतं. गंमत म्हणजे तेव्हा कारखान्यांत रोबो आलेलेच नव्हते. युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला तो १९६१ मध्ये.

कोन दिले तर पंजा कुठे, हा झाला सोपा प्रश्न. रोजच्या कामात पडतो तो उलटा. पंजा इथे हवाय, आता कोन कोणते? फळीवरचा डबा काढायला आपण हात वर करतो तेव्हा कोपर बाहेर काढूनही डबा धरता येतो, कोपर खाली ठेवूनही. डबा एकच, हाताच्या तऱ्हा दोन. अवकाशात कुठल्याही जागी, कुठल्याही दिशेनं पोचायचं तर सहा सांधे लागतात. तीन जागेसाठी, तीन दिशेसाठी. सहा सांध्यांच्या हाताला हा प्रश्न भयंकर किचकट होतो. १९६८ साली स्टॅनफर्डच्या डोनाल्ड पायपरनं दाखवलं की लागोपाठच्या तीन सांध्यांचे अक्ष एका बिंदूत मिळत असतील तर उत्तर नीट मांडून काढता येतं. कारखान्यातल्या बहुतेक रोबोंचं मनगट तसं असतं ते उगीच नाही. कसाही बनवलेला सहा सांध्यांचा हात घेतला तर एकाच जागी पोचण्याच्या जास्तीत जास्त १६ तऱ्हा असू शकतात, हे पक्कं व्हायला मात्र १९८० चं दशक उजाडावं लागलं.

आता ताईची बाजू. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची लांबलचक माळ, हे शाळेत वाचलेलं असतं. पण ही माळ मोत्यांच्या माळेसारखी लुळी नसते. पत्त्यांची माळ डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पत्ता सपाट आणि ताठ. दोन पत्ते कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले, आणि त्या कोपऱ्यावर एक कार्बनचा अणू. या अणूच्या अलीकडचा बंध फिरतो आणि पलीकडचा फिरतो. त्या दोन फिरण्यांना नावं आहेत फाय आणि साय. पत्ता ताठ का, ते पॉलिंग आणि कोरी यांनी १९५१ च्या सुमाराला नीट मांडलं होतं. म्हणजे १०० अमायनो आम्लांचं प्रथिन हा सुमारे २०० सांध्यांचा हात झाला. माझ्या वायपरच्या मोटारी दोन होत्या आणि त्यातली एक सारखी बंद पडायची :)

ताईच्या वहीतल्या चौकोनाचं नाव रामचंद्रन नकाशा. जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात होते. १९५४ मध्ये त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनची रचना मांडली. आपल्या कातडीत, हाडांत आणि स्नायूबंधांत असतं ते हे प्रथिन, तीन पेडांच्या दोरीसारखं. १९५५ मध्ये केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला की या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात, इतकं जवळ येणं शक्य नाही.

दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. रामचंद्रन यांनी मुळातच प्रश्न विचारला. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हे कुणी ठरवलंय? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर छापल्या गेलेल्या स्फटिकांच्या रचना चाळून अणूंमधली अंतरं गोळा केली. प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा ठरवल्या. एक नेहमीची, एक अगदी टोकाची. दोन कार्बन अणूंसाठी नेहमीची मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम, टोकाची ३.० (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). मग दोन पत्ते घेतले, फाय आणि साय थोडे थोडे फिरवत नेले, आणि प्रत्येक वेळी तपासलं की कुठला अणू कुठल्या अणूवर आदळतो का. १९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन या तिघांच्या नावानं हा नकाशा छापून आला. तीन-चतुर्थांशाहून जास्त चौकोन निषिद्ध निघाला. उरलेल्या बेटांवर पॉलिंगचं अल्फा मळसूत्र बरोबर येऊन बसलं, आणि कोलॅजेनही.

यंत्रहातवाल्यांकडे हा विचार केव्हा आला? टोमास लोझानो-पेरेझ यांनी मायकेल वेस्ली यांच्याबरोबर १९७९ मध्ये आणि पुढे एमआयटीत १९८० च्या दशकात तो नीट बांधला. रोबोकडे अवजड हात म्हणून बघू नका. त्याचे सगळे कोन मिळून एक बिंदू समजा. मग खोलीतल्या अडथळ्यांचे त्या कोनांच्या नकाशावर डाग पडतात आणि हात हलवायचा म्हणजे डाग चुकवत तो बिंदू न्यायचा. माझ्या ग्राफपेपरवरचं काळं ते हेच. मद्रासच्या नकाशात अडथळा बाहेरचा नव्हता, साखळीचेच अणू एकमेकांना अडवत होते, एवढाच काय तो फरक. बाकी नकाशा तोच, आणि सोळा वर्षं आधीचा. माझ्या रोबोच्या अभ्यासक्रमात रामचंद्रन हे नाव कुठेच नव्हतं. ताईच्या वहीत रोबो नव्हता.

हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हटला असता. पण १९७० साली कॉर्नेल विद्यापीठात नोबुहिरो गो आणि हॅरल्ड शेरागा यांनी प्रथिनांबद्दल एक प्रश्न सोडवायला घेतला. साखळीची दोन्ही टोकं आहेत तिथेच ठेवायची आणि मधला तुकडा हलवायचा, तर कोन कसे बदलावे लागतील? त्यांनाही सहा कोन आणि सहा समीकरणं मिळाली. एक टोक म्हणजे खांदा, दुसरं टोक म्हणजे फळीवरचा डबा. पायपरचा प्रबंध दोनच वर्षांपूर्वीचा. एक यंत्रांच्या विभागातला, दुसरा रसायनशास्त्राच्या.

*

दोन्ही घरांमधलं दार उघडलं ते १९९० च्या दशकात. १९९४ मध्ये बर्कलीच्या पार्सन्स आणि कॅनी यांनी रेणूंमधले आणि रोबोंमधले भूमितीचे प्रश्न एका निबंधात शेजारी मांडले. १९९५ मध्ये दिनेश मनोचा आणि सहकाऱ्यांनी रोबोच्या सहा सांध्यांचं गणित थेट रेणूंच्या साखळ्यांना लावलं आणि त्याला नाव दिलं नॅनो-कायनेमॅटिक्स.

पण खरा रेटा मिळाला तो वाटा शोधायच्या एका नव्या युक्तीमुळे. दोन सांध्यांचा नकाशा मी पेन्सिलीने रंगवला. सहा सांध्यांचा नकाशा सहा मितींचा, तो कोण रंगवणार? आणि २०० सांध्यांचा? सायरस लेव्हिन्थॉल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी हीच अडचण प्रथिनांबद्दल मांडली होती. १०० अमायनो आम्लांच्या साखळीत १९८ कोन धरले आणि प्रत्येकाला फक्त तीन जागा दिल्या, तरी ३ वर ९४ शून्यं इतक्या तऱ्हा होतात. सगळ्या चाचपून बघायच्या तर विश्वाचं वय पुरणार नाही. आणि प्रथिनं तर पुष्कळदा सेकंदाच्या आत घडी घालून मोकळी होतात.

१९९६ मध्ये स्टॅनफर्डचे लिडिया कावराकी आणि जाँ-क्लोद लातोंब, आणि हॉलंडमधल्या युट्रेख्टचे श्वेस्तका आणि ओव्हरमार्स, अशा चौघांनी मिळून जी पद्धत मांडली तिला म्हणतात प्रॉबॅबिलिस्टिक रोडमॅप. कल्पना साधी आहे. नव्या गावात आपण इंच न् इंच मोजत फिरत नाही. चार चौक माहीत करून घेतो. या चौकातून त्या चौकात जाता येतं का तेवढं विचारतो, आणि गाव डोक्यात बसतं. तसंच इथे. कोनांचे संच चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलायचे. ज्यात टक्कर होते ते टाकून द्यायचे, बाकीचे ठेवायचे. जवळजवळचे एकमेकांना जोडून बघायचे. पुरेसे चौक जमले की अख्खा नकाशा न काढताही वाट सापडते.

मग लातोंब यांच्याच गटातून १९९९ मध्ये सिंग, लातोंब आणि जीवरसायनतज्ज्ञ डग्लस ब्रुटलॅग यांचं काम आलं. रोबोच्या जागी औषधाचा लवचिक रेणू, खोलीच्या जागी प्रथिन. बदल केला तो एकच, पण मोठा. रोबोला 'आपटतो की नाही' एवढंच पुरतं. रेणूंच्या जगात असा सक्त नकार नसतो. जवळ गेलात तर ऊर्जा जास्त मोजावी लागते, एवढंच. म्हणून प्रत्येक वाटेला चढ-उतारांचा हिशेब लावला. औषध प्रथिनाच्या कोणत्या खळग्यात बसतं एवढंच न विचारता तिथे जायला आणि तिथून निघायला किती कष्ट पडतात, हेही विचारता येऊ लागलं.

टेक्सास ए अँड एम मध्ये नॅन्सी अमाटो आणि गुआंग सोंग यांची गोष्ट मला सगळ्यात आवडली. ते याच रोडमॅपनं कागदी खोके घडी घालून कसे बनवायचे ते शोधत होते. घडीची रेघ म्हणजे सांधा, पुठ्ठा म्हणजे दांडा. तिथून २००१ मध्ये ते प्रथिनाच्या घडीकडे वळले. कागदाच्या खोक्यापासून प्रथिनापर्यंत! पुढच्या काही वर्षांत त्यांनी 'जी' आणि 'एल' नावाची दोन छोटी प्रथिनं घेतली. घडी पूर्ण झाल्यावर दोघांचा आकार जवळपास सारखाच. एक मळसूत्र आणि दोन चाप. पण प्रयोगांतून माहीत होतं की एकात दुसरा चाप आधी बनतो, दुसऱ्यात पहिला. त्यांच्या रोडमॅपमधल्या वाटांवरही तोच क्रम आला.

गो आणि शेरागा यांच्या प्रश्नालाही मग रोबोंची मदत मिळाली. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत प्रथिनाची काही वेटोळी पुष्कळदा धूसर येतात. दोन्ही टोकं दिसतात, मधलं दिसत नाही. २००३ मध्ये कानुटेस्कू आणि डनब्रॅक यांनी रोबोंसाठी वापरली जाणारी एक पद्धत इथे आणली. सगळे सांधे एकदम सोडवायचे नाहीत. एक सांधा घ्यायचा, टोक लक्ष्याच्या जास्तीत जास्त जवळ जाईल इतका फिरवायचा, मग पुढचा घ्यायचा. असं करत करत टोक जाऊन चिकटतं. २००९ मध्ये मँडेल, कूत्सियास आणि कोर्टेम यांनी सहा सांध्यांच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर वापरून अशी वेटोळी बांधली आणि चूक एका अँगस्ट्रॉमच्या आत आणली. वाट बघा, १६ तऱ्हांचं ते जुनं गणित असं कामाला आलं.

*

हे सगळं मी जेवताना उत्साहानं सांगत होतो. भाची बायोइन्फर्मॅटिक्स शिकते. ती शांतपणे म्हणाली, "मामा, पण आता अल्फाफोल्ड आहे ना. साखळी द्या, आकार घ्या. हे सांधेबिंधे कशाला?"

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. २०२० च्या स्पर्धेत अल्फाफोल्डनं प्रथिनांचे आकार ओळखण्यात सगळ्यांना फार मागे टाकलं आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांच्यासोबत हस्साबिस आणि जम्पर यांना मिळालं. आणि रोबोच्या उपमेच्या मर्यादाही मी लपवत नाही. रेणूच्या सांध्यात मोटर नसते. तो कुठे जायचं ते ठरवत नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो अखंड थरथरत असतो. रोडमॅपवर वाट दिसते, पण त्या वाटेला किती वेळ लागतो ते आपसूक कळत नाही.

पण दोन गोष्टी मी तिला सांगितल्या. पहिली अशी की २०२१ मध्ये छापून आलेल्या त्या अल्फाफोल्डच्या आत डोकावलं तर तिथे साखळी खरंच तोडलेली आहे. प्रत्येक अमायनो आम्ल सुटं धरलंय. पण त्या प्रत्येक सुट्या तुकड्याची जागा आणि दिशा मांडली आहे ती यंत्रहातवाले आपल्या दांड्यांची मांडतात तशीच. पाने-पकडी तिथेही आहेत.

दुसरी गोष्ट श्वासाची. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे प्रथिन. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये त्याची रचना मांडली, प्रथिनाची अशी ही पहिलीच. पुढे रचना बारकाईनं दिसू लागली तसं एक कोडं उभं राहिलं. आतल्या लोहापर्यंत ऑक्सिजन जाईल एवढी मोकळी वाट त्या चित्रात नाही. भिंतींना दार नाही. १९६६ मध्ये पेरुट्झ आणि मॅथ्यूज यांनी रक्तातल्या हिमोग्लोबिनबद्दल हेच म्हटलं, की ऑक्सिजनला आत घ्यायचं तर कडेच्या साखळ्यांना हलावं लागणार. म्हणजे स्थिर चित्र कितीही अचूक असलं तरी त्या चित्राप्रमाणेच प्रथिन वागलं असतं तर आपण गुदमरून गेलो असतो. आपण जगतो ते चित्राबाहेरच्या हालचालीवर. आकार कळणं म्हणजे घराचा आराखडा मिळणं, दार कधी आणि कसं उघडतं ते त्यात नसतं. तो प्रश्न सांध्यांचाच आहे.

भाची म्हणाली, "हे आम्हाला शिकवताना कुणी सांगितलं नाही." ताई हसून म्हणाली, "तुझ्या मामालाही नव्हतं सांगितलं. मी शेजारीच बसले होते, तरी."

तेच मला लागून राहिलंय. जी. एन. रामचंद्रन २००१ च्या एप्रिलमध्ये चेन्नईत गेले. त्याच वर्षी अमाटो आणि सोंग कागदाच्या घड्यांवरून प्रथिनांच्या घड्यांकडे वळले होते. नकाशा १९६३ पासून छापील होता, ग्रंथालयात होता, कुणी लपवून ठेवला नव्हता. दोन विभागांमध्ये कुलूप नव्हतंच. फक्त पलीकडच्या बाजूला आपल्या कामाचं काही असेल असं कुणाला वाटलं नाही. आणि मी कुणाला नावं ठेवणार? माझ्या टेबलाची रुंदी जेमतेम दोन हात होती.

असो. माळा रंगवून झाला. ट्रंक परत वर गेली. दोन्ही वह्या मात्र भाची घेऊन गेली आहे, आणि तिनं बजावलंय की परत मागायच्या नाहीत.